लेझर थांबायला शिकला तेव्हा

सीडी राइट होत असताना माऊसला कुणी हात लावायचा नाही, असा घरोघरी दंडक होता. स्क्रीनसेव्हर बंद, अँटिव्हायरस बंद, मोडेमची वायर काढलेली. डोळे बफरच्या, म्हणजे ड्राइव्हमधल्या माहितीच्या तात्पुरत्या साठ्याच्या, पट्टीवर: ९८ टक्के, ९६, मग एकदम ४०. शून्यावर आली की सीडी शेतात पाखरं हाकायला मोकळी.

सीडी-आरचे, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या सीडीचे, नियम फिलिप्स आणि सोनीने १९९० च्या ऑरेंज बुकात ठरवले. त्यात माहिती एकाच सलग, गोल गोल जाणाऱ्या रेघेत लिहिली जाते. डिस्क फिरतच असते, त्यामुळे लेझरला मध्येच ताटकळणं परवडत नाही. १एक्स, म्हणजे सीडी वाजवण्याच्या मूळ वेगाला, सेकंदाला साधारण १५० केबी लागतात. कॉम्प्युटरकडून ते वेळेत आले नाहीत, तर ड्राइव्हच्या बफरमधल्या साठ्यावर भागवायचं. तोही संपला की बफर अंडररन. मग रेघ तुटली ती तुटलीच.

वेग वाढला तसं हे दुखणं बळावलं. २ एमबीचा बफर १एक्सला तेरा-साडेतेरा सेकंद पुरायचा, १२एक्सला जेमतेम सेकंदभर. विंडोज ९८ नुसता हार्डडिस्क खडखडवण्यात एवढा वेळ सहज घालवे! आधी टेस्ट राइट करून बघायची सोय होती खरी, पण त्यात वेळ दुप्पट जाई, आणि रंगीत तालीम पार पडली म्हणून प्रयोग रंगेलच याची खात्री नसे.

सान्योने २००० च्या सुमारास वेगळीच वाट धरली. साठा संपणारच असेल, तर लेझरलाच नीट थांबवायचं. बर्न-प्रूफ ते हेच. बफर तळाला जाऊ लागला की ड्राइव्ह लिहिणं थांबवून जागा लक्षात ठेवतो. साठा भरला की आधी लिहिलेला भाग वाचत ताल पकडतो आणि तुटल्या टोकाला लागूनच पुन्हा लिहू लागतो. रांगोळीची रेघ हात उचलून पुन्हा जोडावी, तसं. सांध्यात मायक्रॉनमध्ये मोजावी एवढीच फट राहते, आणि ती सीडीतली चूक-दुरुस्तीची व्यवस्था पोटात घालते.

प्लेक्स्टरच्या १२एक्स ड्राइव्हमध्ये ही सोय आली आणि बाकीचे धावले. रिकोचं जस्टलिंक, यामाहाचं सेफबर्न. यामाहाने तर सीआरडब्ल्यू२२०० मध्ये जोडीला ८ एमबीचा बफरही दिला. माझ्या मते तो सावधपणाचा कळस होता. डीव्हीडी रायटर घरात आले तोवर ही सोय गृहीतच धरली जाऊ लागली होती. नीरो या सीडी लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तिच्यासाठी टिक करायचा एक चौकोन असे. तो टिक करूनही आम्ही माऊसला हात लावत नव्हतो, ते वेगळं.