एका दिवसाची नैरोबी सफारी : बुकिंगआधी वाचायचं माहितीपत्रक

भारतातून येणाऱ्या पाहुण्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो : "एका दिवसात मसाई मारा करून द्याल का?" नाही, आम्ही ते करत नाही. नैरोबीहून मारा रस्त्याने पाच-सहा तासांवर आहे. पहाटे निघालात तरी पोचेपर्यंत ऊन वर येतं, सिंह झुडपात जाऊन झोपतो आणि तुमची परतीची वेळ होते. अंबोसेली राष्ट्रीय उद्यानाला एका दिवसात जाऊन येता येतं, पण त्यातले आठ-एक तास गाडीतच जातात. त्यातल्या त्यात नाकुरू तलावाचं उद्यान बरं, तरीही दिवसाचा बराचसा वेळ महामार्गावर, ट्रकांच्या मागे जातो. हातात दोन-तीन दिवस असतील तर माराला जरूर जा. तिथे मुक्काम करा, म्हणजे त्या प्रवासाचं चीज होईल.

एकच दिवस असेल तर आम्ही नैरोबी नॅशनल पार्कला नेतो. आमची छोटी कंपनी एवढी एकच सहल चालवते.

शहराला लागून असलेलं जंगल

"शहरातलं पार्क म्हणजे मोठं प्राणिसंग्रहालयच ना?" ही शंका आम्हाला नवीन नाही. हे राष्ट्रीय उद्यान १९४६ साली घोषित झालं. केनियातलं ते पहिलं. क्षेत्रफळ ११७ चौरस किलोमीटर, आणि शहराच्या मध्यापासून अंतर जेमतेम सात किलोमीटर. शहराच्या बाजूंना कुंपण आहे, पण दक्षिणेला नाही. तिथे म्बागाथी नदी आहे आणि नदीपलीकडे कितेंगेला आणि आथी-कापिती ही मैदानं. पावसाळ्यात झेब्रे आणि हरणं त्या बाजूला पांगतात, आणि कोरड्या महिन्यांत पार्कातल्या तळ्यांच्या पाण्यासाठी परत येतात. त्यांना कोणी आणून सोडत नाही की खायला घालत नाही.

त्यांच्यामागे सिंहही बाहेर जातात आणि मासाई लोकांच्या गोठ्यात शिरतात. या सीमेवरच्याच रिचर्ड तुरेरे नावाच्या मुलाने गोठ्याभोवती उघडझाप करणारे दिवे लावून सिंहांना दूर ठेवण्याची युक्ती काढली. २०१३ साली टेड या प्रसिद्ध व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर त्याने ती सांगितली आणि ती जगभर पोचली. गाडीतून उमदा सिंह पाहणारे आपण आणि रात्री त्याच सिंहापासून गाय राखणारा माणूस, हे दोघे इथे एकाच नदीच्या दोन काठांवर आहेत. आमचे गाइड ही बाजूही सांगतात. ती ऐकायची नसेल तर तसं सांगा, पण ऐकावी असं आमचं मत आहे.

काय दिसेल, काय दिसणार नाही

आधी काय दिसणार नाही ते. हत्ती नाहीत. पार्क हत्तींच्या मानाने लहान आहे, मोकळे हत्ती इथे राहत नाहीत. नदीत उड्या घेणारे विल्डेबीस्टचे (गाईसारख्या दिसणाऱ्या रानटी हरणांचे) कळपही नाहीत, ते दृश्य मारा नदीचं. ही दोन दृश्यं मनात धरून आलात तर संध्याकाळी हिरमोड होईल, म्हणून आत्ताच सांगतो.

आता या पार्काची खरी दौलत. गेंडा पाहायला केनियात इतकी सोयीची जागा क्वचित सापडेल. १९७० च्या सुमारास केनियात सुमारे वीस हजार काळे गेंडे होते. शिंगांसाठी झालेल्या शिकारीने १९८० च्या दशकाअखेर ते चारशेच्याही खाली आले. मग उरलेल्यांना कडक राखणीच्या जागांमध्ये हलवलं गेलं, आणि नैरोबी पार्क हे त्यातलं एक महत्त्वाचं ठिकाण. आता देशभरात ते पुन्हा हजाराच्या आसपास आहेत. काळे आणि पांढरे दोन्ही गेंडे इथे आहेत, पण रंगावरून ओळखू नका, दोघेही राखाडीच दिसतात. तोंड पाहा. पांढऱ्याचं तोंड रुंद आणि सपाट असतं, तो मान खाली घालून गवत कापत जातो. काळ्याचा वरचा ओठ टोकदार असतो, त्याने तो झुडपाच्या डहाळ्या ओढून खातो. त्यामुळे पांढरा उघड्या माळावर निवांत सापडतो आणि काळा झाडोऱ्यात शोधावा लागतो. काझीरंगाला गेला असाल तर तिथल्या एकशिंगीशी तुलना आपोआप होईल. इथल्या दोघांनाही दोन शिंगं असतात.

सिंह आहेत, बऱ्याचदा दिसतात, पण हमी देत नाही. बिबट्या आहे, पण दिसला तर नशीब समजा. रानम्हशींचे मोठे कळप, मासाई जिराफ, झेब्रा, इम्पाला, एलँड आणि कोंगोनी (ही तिन्ही हरणांसारखी), शहामृग आणि रानडुकरं ही मंडळी सहसा चुकत नाहीत. पक्ष्यांचा नाद असेल तर दुर्बीण आणाच. इथे चारशेहून अधिक जातींची नोंद आहे. साप मारत गवतातून लांब टांगा टाकत फिरणारा सेक्रेटरी बर्ड दिसला की गाडीतले पक्षिमित्र सिंहाचं नाव काढत नाहीत.

ताडोबाला जाऊन आलेल्यांसाठी एक सूचना. तिथे आपण कान टवकारून बसतो, वानर ओरडलं की जिप्सी तिकडे धावते. इथे काम डोळ्यांचं आहे. मैदान उघडं, नजर लांब जाते. कोंगोनी वारुळावर चढून टेहळणी करत उभा असतो. तो आणि भोवतालचे झेब्रे चरणं थांबवून एकाच दिशेला बघू लागले की गाइड दुर्बीण तिकडे फिरवतो. झोन किंवा ठरवून दिलेला रस्ता नाही, गाइड त्या दिवशीच्या बातमीप्रमाणे वाट निवडतो. मात्र रस्ता सोडून गवतात गाडी घालायला बंदी आहे. "जरा आत घ्या ना" असं गाइडला म्हणू नका. बक्षिशीचं आमिष तर दाखवूच नका, त्याचा परवाना जातो.

आणि हो, फोटोत जिराफाच्या मागे उंच इमारती येतील. काहींना ते खटकतं, आम्हाला तीच या जागेची गंमत वाटते. नैरोबी-नैवाशा रेल्वे खांबांवरून, सुमारे सहा किलोमीटर, या पार्कातूनच जाते. २०१९ मध्ये ती सुरू झाली. तिला विरोध पुष्कळ झाला आणि तो अनाठायी नव्हता. पुलाखालून जिराफ जाताना दिसेलही, पण म्हणून सगळं छान झालं असं आम्ही म्हणणार नाही.

दिवस कसा जातो

तुमच्या हॉटेलवर गाडी पहाटे सव्वापाचला येते. कुरकुर ठाऊक आहे, पण वेळ बदलत नाही. विषुववृत्त जवळ असल्याने इथे बारा महिने सूर्य साधारण साडेसहाला उगवतो, आणि फाटक सहाला उघडतं. पहिले दोन-अडीच तास हाच सफारीचा गाभा. सिंह रात्रीच्या फेरीवरून परतत असतात, तरस रस्त्याच्या कडेने घाईघाईने घरी निघालेलं असतं, हवा गार असते. नऊनंतर ऊन चढतं आणि सगळे सावली धरतात.

नाश्ता आम्ही पिकनिकच्या जागी देतो. तिथे गाडीतून उतरायला परवानगी आहे. पोळी-भाजी, उकडलेली अंडी, केळी, थर्मासमधला चहा. शाकाहारी आणि जैन डबा आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगितला तर वेगळा येतो. डबा मांडीवर ठेवून माकडांकडे पाठ करू नका. इथले बबून पोळीची गुंडाळी हातातून काढून घेतात आणि परत करत नाहीत.

वेळ असेल तर पाणघोड्यांच्या डोहाकडे जातो. तिथे नदीकाठाने सशस्त्र रेंजरबरोबर पायी फिरता येतं. पाणघोडा बहुधा दोन कान आणि नाकपुड्या एवढाच दिसतो. मगरीही आहेत, म्हणून मुलांचा हात सोडू नका.

मुख्य फाटकाजवळ हस्तिदंत जाळल्याची जागा आहे. तिथे आम्ही दहा मिनिटं थांबतोच. जुलै १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनी इथे बारा टन हस्तिदंत पेटवलं. त्याच वर्षी हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला. एप्रिल २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा यांच्या कारकिर्दीत याच जागी १०५ टन हस्तिदंत जाळलं गेलं, सोबत गेंड्यांची शिंगंही. बघायला म्हटलं तर राखेचा ढीग आणि फलक. काही पाहुणे गाडीतच बसून राहतात, तेही चालतं.

अकरा वाजता शेल्ड्रिक ट्रस्टच्या अनाथ हत्तींच्या संगोपनगृहात. पार्कात हत्ती नाहीत म्हणालो ते मोकळे. ही पिल्लं आई गमावलेली, देशभरातून आणलेली असतात. ती मोठ्या बाटल्यांतून दूध पितात, लाल मातीत लोळतात. पुढे त्यांना त्सावो या मोठ्या राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला नेऊन हळूहळू रानात सोडलं जातं. लोकांसाठी दिवसातला एकच तास खुला असतो, त्यामुळे नावं आधी नोंदवावी लागतात. गर्दीच्या महिन्यांत जागा लवकर भरतात. तारीख पक्की झाल्या दिवशी आम्हाला कळवा, आयत्या वेळी आमच्याही हातात काही नसतं.

दुपारी जेवण, आणि लहान मुलं बरोबर असतील तर जिराफ सेंटर. सकाळी पाहिलेल्या मासाई जिराफाचे ठिपके द्राक्षाच्या पानासारखे फाटलेल्या कडांचे असतात. इथला रॉथशिल्ड जिराफ पाहा, गुडघ्याखाली पाय पांढरे, ठिपकाच नाही. चार वाजेपर्यंत हॉटेलवर सोडतो.

कधी यावं, काय आणावं

जानेवारी-फेब्रुवारी आणि जुलै ते ऑक्टोबर हे कोरडे महिने. पाण्यासाठी प्राणी आत गोळा होतात, गवत बसलेलं असतं, नजर अडत नाही. मार्च ते मे मोठा पाऊस. पार्कात बराच भाग काळ्या मातीचा आहे, आणि ओली काळी माती चाकाला कशी धरते हे विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. त्या महिन्यांत आम्ही फक्त फोर-व्हील ड्राइव्ह लँड क्रूझर काढतो, आणि काही रस्ते सोडून देतो. एरवी छत वर उचलता येणारी व्हॅनही असते.

आफ्रिका म्हणजे उकाडा, असं धरून कोणी जुलैत पातळ टी-शर्टवर येतं आणि उघड्या छताखाली कुडकुडतं. नैरोबी महाबळेश्वरपेक्षाही उंचावर आहे. जुलै-ऑगस्टच्या पहाटे स्वेटर आणि कानटोपी हवीच. दुपारचं ऊन मात्र चटका देतं, म्हणून टोपी आणि सनस्क्रीनही. कपडे खाकी, मातकट रंगाचे बरे. पण त्यासाठी खास 'सफारी ड्रेस' विकत घेऊ नका, झेब्र्याला फरक पडत नाही.

प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून बंदी आहे, आणि २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत पाण्याच्या एकदा वापरून फेकायच्या बाटल्यासुद्धा चालत नाहीत. स्टीलची बाटली आणा, पाणी गाडीत भरून मिळेल. फरसाण आणलं असेल तर ते डब्यात काढून ठेवा. ड्रोन आणूच नका.

गाडीत आवाज हळू. गेंड्याची नजर अधू असते, पण कान तिखट. गाडीबाहेर हात काढून चुटक्या वाजवणं, शिट्टी मारणं, झोपलेल्या सिंहाने मान वर करावी म्हणून दार आपटणं हे प्रकार झाले तर गाइड गाडी वळवतो. त्याबद्दल तक्रार आली तर आम्ही गाइडच्या बाजूने असतो.

कागदपत्रं आणि पैसे

भारतीय पासपोर्टवर केनियात यायला ऑनलाइन ईटीए (प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी) काढावी लागते. जानेवारी २०२४ पासून व्हिसाच्या जागी ही पद्धत आहे. दोन विमानांच्या मधल्या वेळात सफारी करायची असेल तरी विमानतळाबाहेर पडायला ती लागते. अशा प्रवाशांना आम्ही विमानतळाच्या बाजूच्या पूर्व फाटकाने आत नेतो. दोन विमानांत आठ तासांपेक्षा कमी अंतर असेल तर बुकिंग घेत नाही, मोंबासा रोडच्या वाहतुकीचा भरवसा धरता येत नाही.

यलो फीव्हरची (पीतज्वराची) लस विसरू नका. केनियातून भारतात परतणाऱ्याकडे प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि ती फक्त अधिकृत केंद्रांवर मिळते, म्हणून तिकीट काढलं की लगेच तारीख घ्या. वयस्कर मंडळी, गरोदर स्त्रिया आणि तान्ही बाळं यांनी डॉक्टरांना विचारून ठरवावं.

पार्काचं प्रवेशशुल्क ऑनलाइनच भरलं जातं, फाटकावर रोख घेत नाहीत. परदेशी पाहुण्यांसाठी ते डॉलरमध्ये असतं आणि अधूनमधून बदलतं. म्हणून आमच्या दरपत्रकात ते वेगळं दाखवतो आणि भरल्याची पावती तुम्हाला देतो. गाडी, गाइड, नाश्ता आणि पाणी आमच्या दरात येतं. शेल्ड्रिक, जिराफ सेंटर आणि दुपारचं जेवण वेगळं. गाइडला बक्षीस द्यायचं की नाही, किती, हा सर्वस्वी तुमचा प्रश्न. आमचे गाइड केनियाच्या सफारी गाइड संघटनेची परीक्षा उत्तीर्ण झालेले आहेत, त्यांचा पगार बक्षिशीवर अवलंबून नाही.

बुकिंग करताना चार गोष्टी कळवा : हॉटेलचं नाव, मुलांची वयं, जेवणातलं पथ्य, आणि कोणाला कंबरेचा किंवा मणक्याचा त्रास आहे का. रस्ते खडबडीत आहेत. त्रास असेल तर पुढची सीट राखून ठेवतो, मागच्या चाकावरची देत नाही.