द्विध्रुव आकाशक : डोंगराळ भागातील उभारणी

द्विध्रुव आकाशक (अँटेना) म्हणजे मध्यावर तोडलेली, दोन सारख्या भुजांची तार आणि त्या तोडलेल्या टोकांना जोडलेली केबल. हौशी रेडिओ केंद्रांत, विशेषतः ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लघुतरंग पट्ट्यांत, याहून अधिक प्रचलित आकाशक नाही. हौशी मंडळी त्याला नुसते ‘डायपोल’ म्हणतात; ‘द्विध्रुव’ आणि ‘आकाशक’ हे शब्द छापील पानांपुरतेच उरले आहेत. येथे उतार, कडे आणि कातळ यांमुळे उभारणीत जे बदलते तेवढेच घेतले असून उदाहरणे मुख्यतः सह्याद्रीतली आहेत.

द्विध्रुवाचा आरंभ हाइन्रिख हर्ट्झ यांच्या कार्लस्रूए येथील प्रयोगांपासून (१८८६–८८) मानण्याची प्रथा आहे. ती ढोबळमानाने बरोबर असली, तरी हर्ट्झ यांच्या सुरुवातीच्या आंदोलकाच्या टोकांना धातूचे गोळे किंवा पत्रे होते. त्याची अनुस्पंदी कंप्रता, म्हणजे ज्या वारंवारतेला तो सर्वांत जोमाने आंदोलित होतो ती, तारेच्या लांबीइतकीच या टोकांच्या धारकतेवर (विद्युत् भार साठवण्याच्या क्षमतेवर) ठरत असे, म्हणून त्याला आजच्या अर्थाने अर्धतरंगी (अर्ध्या तरंगलांबीइतका) द्विध्रुव म्हणणे अवघड आहे. १८८८ मध्ये अन्वस्ताकार (पॅराबोलिक) आरशाच्या नाभिरेषेवर त्यांनी बसवलेला पितळी दांडा सुमारे २६ सेंमी. लांब होता आणि त्यापासून निघणारी तरंगलांबी ६० सेंमी.च्या थोडी पुढे होती. आजच्या अर्धतरंगी तारेचा पूर्वज शोधायचा झाल्यास हा दांडाच अधिक जवळचा वाटतो.

लांबी : अवकाशात अर्धी तरंगलांबी १४९.९ भागिले मेगाहर्ट्झमधील कंप्रता इतके मीटर भरते. प्रत्यक्षात १४२.६५ हा स्थिरांक वापरतात. तो फुटांतल्या ४६८ चे रूपांतर आहे. हा सुमारे ५ टक्क्यांचा फरक कशामुळे, यावर एकमत नाही. काही जण तो टोकांच्या निरोधकांच्या धारकतेचा परिणाम मानतात, तर काही तारेची जाडी आणि जमिनीपासूनची उंची यांवर भर देतात. एकच आकडा सर्व जागांना लागू पडत नाही, हे मत अधिक ग्राह्य वाटते. डोंगरावर तर ते पदोपदी पटते, कारण तेथे दोन्ही भुजांखालची जमीन सारखी नसते. वीजकामाची १.५ चौ. मिमी. पीव्हीसी वेष्टित तार वापरली, तर वेष्टनामुळे लांबी आणखी २ ते ४ टक्के कमी लागते. तरीही ७.१ मेगाहर्ट्झसाठी हिशेबाने येणाऱ्या १०.०५ मी. ऐवजी प्रत्येक भुजा १०.५ मी. कापावी आणि जादा भाग टोकाला दुमडून पिळून ठेवावा. जमिनीवरची तार कापणे सोपे असते. खडकावर बसून तिला सांधा देणे नसते.

उंची आणि उतार : डोंगरावरील द्विध्रुवाबद्दल सर्वांत पसरलेला गैरसमज उंचीचा आहे. अतिउच्च कंप्रतेला, म्हणजे १४४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला, समुद्रसपाटीपासूनची उंची थेट उपयोगी पडते. १,६४६ मी. उंचीच्या कळसूबाईवरून समुद्रपातळीपर्यंतचे रेडिओ क्षितिज सुमारे १६५ किमी. येते. लघुतरंगांना मात्र आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युत् भारित थरावरून, परतायचे असते. तेथे तरंग कोणत्या उन्नत कोनात सुटतो हे महत्त्वाचे ठरते, आणि तो कोन ठरतो तारेखालच्या परावर्तक जमिनीमुळे. तार अर्ध्या तरंगलांबीवर, म्हणजे १४ मेगाहर्ट्झला सुमारे १०.५ मी. वर असेल, तर सपाट जमिनीवर प्रारणाचा मुख्य झोत ३०° वर जातो. शिखराच्या सपाट माथ्यावर तीच तार त्याच उंचीवर बांधली, तर पहिल्या अदमासाला झोत ३०° वरच राहतो. खालचा हजार मीटरचा डोंगर त्यात काही भर घालत नाही.

उतारावर चित्र बदलते. जमीन २०° कलली की आरसाही २०° कलतो. उताराच्या बाजूला झोत १०° च्या आसपास खाली येतो, चढाच्या बाजूला ५०° पर्यंत वर जातो. दूरच्या संपर्काला नेमका हाच नीच कोन लागतो. सपाट मैदानावर तो मिळवायला खांब कित्येक पट उंच करावा लागला असता. परावर्तनाचा मध्यबिंदू या स्थितीत तारेपासून सुमारे १८ मी. अंतरावर पडतो. पण परावर्तनात भाग घेणारा पट्टा सुमारे १०० मी. पर्यंत पसरतो. म्हणून उतार निदान तेवढा अखंड हवा. मध्येच बांध, पायरी किंवा कातळाचा टप्पा आला की प्रारणाचा आकृतिबंध विस्कटतो. सह्याद्रीचा बेसाल्ट थरांनी बनलेला असल्याने असे टप्पे जागोजागी येतात.

थेट कड्याच्या टोकावर तार बांधावी की नाही, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. कड्याच्या बाजूने पुढे मोकळे अवकाश मिळते, हा बाजूने दिला जाणारा युक्तिवाद. उलट बाजूने असे म्हणता येते, की ३०० मी. खोल दरीच्या तळावरून येणारे परावर्तन १४ मेगाहर्ट्झला दर दोनेक अंशांनी एक याप्रमाणे बारीक झोत आणि त्यांमध्ये तितकेच बारीक खड्डे निर्माण करते. शिवाय कड्याच्या कडेवर विवर्तन होते, म्हणजे तरंग कडेभोवती वळून पसरतात. या दुसऱ्या मताकडे झुकावे असे वाटते : सलग उतार मिळत असेल तर कड्याचा मोह धरू नये. भूरूपाचा छेद देऊन हा हिशेब करणारी ‘एचएफटीए’सारखी संगणक प्रणाली उपलब्ध आहे. ती आडव्या ध्रुवणापुरतीच (आडव्या तारांपुरतीच) असून द्विमितीय छेदावर चालते. त्यामुळे सोंडा आणि घळी असलेल्या भागात तिच्या उत्तराला मर्यादा पडतात.

जवळच्या, म्हणजे ३००–४०० किमी. पर्यंतच्या संपर्काला याच्या उलट मांडणी लागते. ७ मेगाहर्ट्झची तार ४ ते ८ मी. वरच ठेवली तर बहुतांश शक्ती जवळजवळ सरळ वर जाते आणि आयनांबरावरून छत्रीसारखी खाली पसरते. चहूबाजूंनी कडे असलेल्या खोऱ्यातूनही संपर्क होतो तो यामुळेच. रात्री आयनांबराची क्रांतिक कंप्रता (सरळ वर सोडलेला तरंग जिच्यापर्यंत परत येतो ती कमाल कंप्रता) ७ मेगाहर्ट्झच्या खाली गेली की हा मार्ग बंद पडतो, तेव्हा ३.५ मेगाहर्ट्झचा पट्टा आणि दुप्पट लांबीची तार लागते.

दिशा आणि समतोल : तार उताराला आडवी, समोच्च रेषेवर धरावी. चढ-उताराच्या दिशेने बांधलेल्या तारेची एक भुजा जमिनीला चिकटते, दुसरी हवेत राहते. दोन्हींची धारकता वेगळी झाल्याने विद्युत् समतोल बिघडतो आणि केबलच्या बाहेरच्या जाळीवरून प्रवाह वाहू लागतो. बोलताना मायक्रोफोनच्या धातूला ओठ लागून चटका बसणे किंवा केबलला हात लावताच स्थिर तरंग गुणोत्तर (एसडब्ल्यूआर, तार आणि केबल यांच्या जुळणीचे माप) बदलणे ही त्याची लक्षणे आहेत. समोच्च रेषेवरील तारेचा मुख्य झोत आपोआप उताराकडे वळतो, हा दुसरा लाभ. सह्याद्रीची मुख्य रांग साधारण उत्तर-दक्षिण असल्याने तिच्या पश्चिम अंगावर अशा तारेचे तोंड अरबी समुद्राकडे होते. मध्यावर जाळीवरचा हा प्रवाह रोखणारा १ : १ प्रवाही बॅलन तरीही हवाच, कारण उतारावर केबल तारेला काटकोनात खाली उतरवणे क्वचितच साधते. ४३ क्रमांकाच्या मिश्रणाच्या, २४० आकाराच्या फेराइट कड्यावर आरजी-५८ या बारीक समाक्ष केबलचे १० ते १२ वेढे सामान्यतः पुरतात.

आधार आणि ताण : झाडे असतील तर २००–३०० ग्रॅ. वजन बांधलेली बारीक दोरी फांदीवरून फेकून तिच्यामागे जाड दोर ओढतात. घाटमाथ्याची झाडे वाऱ्याने खुजी राहतात, त्यामुळे ८ मी. हून अधिक उंची झाडावर मिळेलच असे नाही. कड्यालगतच्या झाडांवर दोरी फेकण्यापूर्वी आग्या मोहोळे पाहून घ्यावीत. दोराचे टोक झाडाला घट्ट न बांधता कप्पीवरून ओवून त्याला ५–६ किग्रॅ.चा धोंडा टांगावा; झाड हलले की धोंडा वर-खाली होतो, तार तुटत नाही.

माथा उघडा असेल तर ८ मी. लांबीचा कळक किंवा सरकत्या नळ्यांचा फायबरग्लास खांब उभा करून उलट्या ‘व्ही’ आकारात भुजा उतरवणे सोयीचे. भुजांमधील कोन १२०° ठेवल्यास १० मी. भुजेची टोके ३ मी. वर राहतात, ९०° केल्यास ती १ मी. च्याही खाली येतात. प्रेषण चालू असताना टोकांवर उच्च दाब असतो, त्यामुळे ती माणसाच्या आणि गुरांच्या आवाक्याबाहेरच हवीत. आडव्या तारेला मध्यावर आधार नसेल, तर ताणाचा हिशेब फसवा असतो. दर मीटरला २० ग्रॅ. वजनाची २० मी. तार ५० सेंमी. झोळ ठेवून ताणायला २ किग्रॅ. ताण पुरतो. मध्यावर १० मी. आरजी-५८ केबल आणि ३०० ग्रॅ.ची बॅलनची डबी लोंबली की तोच ताण ९ किग्रॅ. होतो, जाड आरजी-२१३ लावली तर २० च्या घरात जातो. मऊ तांबे एवढ्या ताणाने लांबत जाते आणि अनुस्पंदन आठवड्यागणिक खाली घसरते.

खांबाचे ताण (आधाराचे दोर) सपाट जमिनीच्या सवयीने सारख्या अंतरावर बांधणे ही नेहमीची चूक. ६ मी. उंचीवरून निघणारा ताण सपाटीवर बुंध्यापासून ४ मी. अंतरावर रोवत असू, तर २०° उतारावर तोच कोन राखायला उताराकडचा ताण आडव्या मापाने ५.३ मी. आणि चढाकडचा ३.२ मी. वर हवा. मुरमात पहारीने खुंटी बसते. कातळावर किंवा जांभ्याच्या सड्यावर ती बसत नाही. तेथे दगडांनी भरलेली २५–३० किग्रॅ.ची पोती किंवा मोठ्या धोंड्याला दोन वेढे हाच उपाय. किल्ल्यांच्या तटबंदीत खिळे ठोकू नयेत, त्यांपैकी बरेच संरक्षित स्मारक आहेत. अभयारण्यात, उदा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसरात, वनखात्याची परवानगी लागते.

केबल आणि जुळणी : रेडिओ संच आडोशाला आणि तार माथ्यावर अशा मांडणीत केबल लांबते. १४ मेगाहर्ट्झला ३० मी. आरजी-५८ मध्ये साधारण एक तृतीयांश शक्ती उष्णतेत जाते, आरजी-२१३ मध्ये याच्या निम्मी. जुळणी तार पूर्ण उंचीवर नेऊनच करावी. हाताच्या उंचीवर मोजलेली अनुस्पंदी कंप्रता खाली दिसते, आणि त्यावरून कापलेली तार वर गेल्यावर आखूड ठरते. ७.१ मेगाहर्ट्झजवळ ५० किलोहर्ट्झने वर सरकायला प्रत्येक भुजा ७ सेंमी. कमी करावी लागते.

वापर : भूज भूकंपानंतर (२००१) हौशी केंद्रांनी संदेशवहन केले, तेथे झटपट टांगता येणाऱ्या तारांचा उपयोग झाला. ब्रिटनमध्ये २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘समिट्स ऑन दि एअर’ या शिखरांवरून संपर्क साधण्याच्या उपक्रमात शिखरापासून उभ्या २५ मी. अंतराच्या आत केंद्र मांडावे लागते; सामान पाठीवर वाहून न्यावे लागत असल्याने हलके तारेचे द्विध्रुव त्यात लोकप्रिय आहेत.

पाऊस आणि वीज : केबलचे उघडे टोक पावसाळ्यात वातीसारखे पाणी शोषते. जाळी काळी पडते, हानी वाढते, तरी स्थिर तरंग गुणोत्तर उलट चांगले दिसू लागते आणि दोष लपतो. सांध्यावर स्वतःशीच चिकटणारी रबरी पट्टी गुंडाळावी, डबीच्या तळाला ३ मिमी. चे भोक ठेवावे, आणि संचाकडे येण्यापूर्वी केबलला खाली लोंबता वळसा द्यावा. वेष्टित तार भिजली की अनुस्पंदन किंचित खाली येते. त्यासाठी तार कापू नये. माकडांचा वावर असलेल्या ठिकाणी हाताला सहज लागणारी तार टिकत नाही.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात उघड्या धारेवरचा द्विध्रुव धोक्याचा. ढग डोक्यावर नसतानाही तारेवर स्थितिक विद्युत् भार साचतो आणि ग्राहकात तडतड ऐकू येते. ती चढत गेली की केबल संचापासून काढून आश्रयापासून दूर ठेवावी. कातळात भूसंपर्कनाची सळई उतरत नाही. तेथे उघडी तांब्याची पट्टी मातीच्या खोलगट भागात, ओल टिकेल अशा जागी आडवी पुरतात.