‘उग्रम’ बघितला म्हणजे ‘सालार’ बघितला? न्हवं!

आमच्या बेळगावातल्या शहापुरात चहाच्या गाड्यावर दिग्दर्शक प्रशांत नीलचा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली. पहिलं, ‘नीलचा पहिला पिक्चर केजीएफ.’ चूक. पहिला ‘उग्रम’, २०१४ चा, हिरो श्रीमुरळी. ‘चंद्र चकोरी’नंतर दहा वर्षं हिटसाठी तरसलेल्या या माणसाला मेव्हण्यानं, म्हणजे नीलनंच, उभं केलं. विषय संपला.

दुसरं वाक्य जास्त चावतं. परवा मी उग्रम लावून बसलो होतो, तर भाचा म्हणतो, “मामा, तेच ते काय बघूलास? मी सालार दोनदा बघितलोय की. उग्रम म्हणजे गरिबाचा सालार.”

आता, दोन्ही पिक्चर नीलचेच आणि गोष्ट एकच आहे हे कुणी नाकारत नाही. नीलनंही ते मान्य केलंय. दोन्हीकडं आईच्या धाकानं हात आवरून बसलेला हिरो, परदेशातनं आलेली आणि जिवाला धोका असलेली पोरगी, जिवलग दोस्त आणि मागं टाकून आलेलं एक गुंडांचं गाव. तिकडं मुघोर, इकडं खानसार. अगस्त्यचा देवा झाला, बालाचा वरदराज मन्नार. श्रीमुरळीच्या जागी प्रभास, आणि पैसा किती पटीनं वाढला ते पडद्यावर दिसतंच. सालार तेलुगू, उग्रम कन्नड, हा फरक आम्हा सीमाभागातल्यांना सांगू नका. आम्ही मराठीत भांडतो, कन्नडमध्ये भाजी घेतो आणि पिक्चर मिळेल त्या भाषेत बघतो. रंगाचंही तसंच. तो कोळसा फासल्यासारखा काळपट पडदा केजीएफपासून आला असं लोक छातीठोक सांगतात, पण उग्रम आधीच तसला आहे. संगीत दोन्हीकडं रवी बसरूर.

मग वेगळं काय? इथंच सगळे घसरतात. मारामारी मोठी झाली, माणसं जास्त उडाली, एवढंच त्यांना दिसतं.

आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्ती बघितली असेल तर लगेच कळेल. मैदानात दोन माणसं महत्त्वाची. एक पैलवान, दुसरा माईकवरचा निवेदक. जोड लागायच्या आधी निवेदक पैलवानाचं गाव, वस्ताद, मारलेली मैदानं, सगळं असं काही सांगतो की हलगी घुमायच्या आधीच अंगावर काटा येतो. मग कुस्ती दोन मिनिटांत निकाली निघाली तरी पैसे वसूल. दुसऱ्या एखाद्या जोडीचं नाव कुणाला ठाऊक नसतं, निवेदक पाणी प्यायला गेलेला असतो, आणि नुसत्या खडाखडीवरनं, मानेवर पडलेल्या हातावरनं तुम्हाला उमगतं की ह्या गड्यात काहीतरी आहे.

उग्रम ही दुसरी कुस्ती. श्रीमुरळी बराच वेळ मान खाली घालून वावरतो. राग त्याच्या अंगात आहे, आणि कॅमेरा तो राग त्याच्याच चेहऱ्यावर शोधतो. नाव नरसिंहाच्या मंत्रातलं, ‘उग्रं वीरं महाविष्णुम्’. खांब फुटेपर्यंत खांबच दिसायला पाहिजे, हे त्या पोरसवदा दिग्दर्शकाला कळलं होतं. फ्लॅशबॅक तिथंही येतो, पण कारण सांगायला येतो, जयजयकार करायला नव्हे.

केजीएफपासून नीलनं माईक हातात घेतला. पहिल्या भागात (२०१८) आनंद इंगळगी हा पत्रकार रॉकीची, म्हणजे हिरोची, गोष्ट सांगतो, दुसऱ्यात (२०२२) त्याचा मुलगा. सालारमध्ये (२०२३) बिलाल त्या परदेशातनं आलेल्या पोरीला, आद्याला, खानसार समजावत बसतो. हिरो काही करायच्या आधी कुणीतरी त्याच्याबद्दल बोलतं, कुणीतरी त्याला घाबरतं. देवा हातात प्लॅस्टिकची सुरी धरतो, केक कापायची, आणि त्याच्या आईचा थरकाप होतो. सीन झकास आहे, मी नाही म्हणत नाही. पण बघा, तिथं आपण देवाच्या हाताला घाबरत नाही. आईच्या घाबरण्याला घाबरतो. उग्रममध्ये राग हिरोचा, सालारमध्ये भीती बाकीच्यांची. गोष्ट तीच ठेवून नीलनं कॅमेऱ्याचं तोंड फिरवलं.

एडिटिंगही त्यामुळं बदललं. केजीएफच्या दुसऱ्या भागातला गाड्यांचा पाठलाग आठवा. पडदा काळा होतो, उघडतो, परत काळा. उज्ज्वल कुलकर्णी हा एडिटर फॅन-एडिट करता करता इथवर आला आणि त्याचे कट तसेच आहेत, टाळीला जागा सोडणारे. हिरोला असं उचलून धरण्याला लोक ‘एलिवेशन, एलिवेशन’ म्हणून नाचतात. हा शब्द ऐकला की माझा चहा गार होतो.

सालार मला कुठं जड जातो तेही सांगतो. मन्नार, शौर्यांग, घनियार ह्या खानसारच्या टोळ्या, त्यात दोरा कोण, कापू कोण ही सरदारांची उतरंड, वर ते ‘निबंधन’ म्हणजे तिथला कायदा. निवेदकाला एवढं बोलायचं असतं की पैलवान लंगोट बांधून तिष्ठत उभा. केजीएफचा पहिला भाग मात्र दोन्ही सांभाळतो. रॉकी रस्त्यावरची सगळी वाहनं थांबवून एका बाईचा पडलेला पाव उचलून देतो, तिथं पैलवान आणि निवेदक एका दमात चालतात. माझं मत विचाराल तर नीलचा सगळ्यात तोलाचा पिक्चर तो, आणि सगळ्यात जीव लावलेला उग्रम.

भाच्याला शेवटी बळंच बसवलं. आता गड्यानं नवीनच खूळ घेतलंय. उग्रममध्ये दोस्ती का मोडली ते त्याच पिक्चरमध्ये कळतं आणि सालार नेमका त्याच्या अलीकडं थांबतो, म्हणून हा पुढच्या भागाची गोष्ट उग्रमवरनं सांगत सुटलाय. देवा शौर्यांगांचा वारस निघतो ते उग्रममध्ये कुठंच नाही, हे त्याला अजून सांगितलेलं नाही. गाड्यावर दहा रुपयांची पैज लावलोय.