हजारातला एक आणि चुकलेले पन्नास

समजा, एक आजार हजारातल्या एकाला असतो. तो शोधणारी चाचणी ५ टक्के निरोगी माणसांनाही चुकून आजारी ठरवते. एकाची चाचणी पॉझिटिव्ह आली, त्याच्याबद्दल दुसरं काहीच ठाऊक नाही. त्याला खरोखर तो आजार असण्याची शक्यता किती?

१९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पाहणीत हा प्रश्न हार्वर्डशी संलग्न रुग्णालयांतल्या ६० जणांना विचारला होता. त्यांत डॉक्टरही होते आणि वैद्यकीचे विद्यार्थीही. २७ जण म्हणाले, ९५ टक्के. बरोबर उत्तर आहे सुमारे २ टक्के. ते सांगता आलं फक्त ११ जणांना.

यावर नेहमीचा शेरा ठरलेला असतो: गणित नको म्हणूनच ही मुलं जीवशास्त्राकडे वळतात, त्यांना संख्याशास्त्राची आवड कुठून असणार! मला हे निदान घाईचं वाटतं. विद्यार्थ्यांचा संख्याशास्त्राकडे पाहण्याचा दृष्टिकोन मोजायला प्रश्नावल्या आहेत. त्यांतली बरीच वापरली जाणारी एक अमेरिकेतल्या कँडेस शाऊ यांनी तयार केली. तिच्या सुधारित आवृत्तीत ३६ विधानं असतात आणि प्रत्येकाला १ ते ७ गुण द्यायचे असतात. खुबी अशी, की 'आवडतं का?' आणि 'उपयोगाचं वाटतं का?' हे प्रश्न ती वेगळे ठेवते. 'मला जमेल का?' हा आणखी वेगळा. नर्सिंग किंवा वैद्यकीच्या विद्यार्थ्यांत पुष्कळदा दिसतं ते असं, की विषय उपयोगाचा आहे हे त्यांना पटलेलं असतं, पण तो अवघड वाटतो आणि त्याची धास्तीही असते. म्हणजे 'हा विषय किती महत्त्वाचा आहे' हे पहिल्या तासाचं भाषण बऱ्यापैकी वाया जातं.

त्याहून खटकणारी गोष्ट पुढे आहे. अमेरिकेतल्या वेगवेगळ्या शाखांच्या सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांच्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अभ्यासक्रमाच्या आधी आणि नंतर हीच प्रश्नावली भरून घेतली. धास्ती होती तेवढीच राहिली. उपयुक्ततेचे आणि रुचीचे गुण मात्र सरासरीने घसरले. शिकल्यावर विषय आधीपेक्षा निरुपयोगी वाटू लागला! आकडेमोड हल्ली संगणक करतो, तेव्हा सगळा दोष कच्च्या गणितावर ढकलता येत नाही. सूत्र आधी आणि पेशंट नंतर, किंवा कधीच नाही, हा शिकवण्याचा क्रम मला जास्त संशयास्पद वाटतो.

आता तोच सुरुवातीचा प्रश्न टक्के बाजूला ठेवून माणसांत मांडू. हजार माणसं डोळ्यांपुढे आणा. एक आजारी, त्याची चाचणी पॉझिटिव्ह येईल असं धरू. उरलेल्या ९९९ निरोगी माणसांतले साधारण ५० जणही चुकून पॉझिटिव्ह येतील. एकूण ५१ जण, त्यांत खरा आजारी एक. झालं गणित.

जर्मनीत गेर्ड गिगरेंझर आणि उलरिख होफ्रागे या मानसशास्त्रज्ञांनी हाच फरक डॉक्टरांवर तपासला, वेगवेगळ्या आजारांची उदाहरणं घेऊन. टक्क्यांत मांडलेल्या प्रश्नांना बरोबर उत्तरं आली १० टक्के. 'इतक्यांपैकी इतके' असं मांडल्यावर ती ४६ टक्क्यांवर गेली. निम्म्याहून जास्त उत्तरं तरीही चुकलीच, पण मधे कुणी कुणाला संख्याशास्त्राचा एकही धडा दिला नव्हता.