गाठीची रसद आणि केमोची जोडी

साठच्या दशकाच्या सुरुवातीला जुडा फोकमन हे तरुण सर्जन अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत रक्ताला पर्याय शोधण्याच्या कामावर होते. शरीराबाहेर जिवंत ठेवलेल्या थायरॉइड ग्रंथीत त्यांनी कॅन्सरच्या पेशी सोडल्या. गाठी धरल्या, पण एक-दोन मिलिमीटरच्या झाल्या आणि तिथेच थांबल्या. त्याच पेशी उंदराच्या अंगात घातल्या की मात्र भराभर वाढायच्या. फरक एकच होता: उंदरात गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटत होत्या, बाहेरच्या ग्रंथीत नव्हत्या. ही रसद तोडली तर गाठ वाढणार नाही, असं फोकमन यांनी 1971 मध्ये मांडलं. पुढची कित्येक वर्षं फारसं कुणी ते मनावर घेतलं नाही.

रक्तवाहिन्यांना वाढीचा इशारा देणारं प्रथिन, व्हीईजीएफ, संशोधक नेपोलियोने फेरारा यांच्या गटाने 1989 मध्ये वेगळं काढलं. त्याला अडवणाऱ्या अँटिबॉडीतून पुढे बेव्हॅसिझुमॅब तयार झालं. फेब्रुवारी 2004 मध्ये अमेरिकेत त्याला पहिली मान्यता मिळाली, ती मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी, तीही केमोबरोबर. एकट्याने हे औषध फारसं चालत नव्हतं. आतड्याच्याच एका चाचणीत नुसतं बेव्हॅसिझुमॅब घेणाऱ्यांचा गट मध्येच बंद करावा लागला.

हे जरा चमत्कारिकच. रक्तपुरवठा तोडायचा तर केमोचं औषध गाठीपर्यंत पोचणार कसं? गाठीतल्या रक्तवाहिन्यांचे अभ्यासक राकेश जैन यांनी 2001 मध्ये त्यावर एक उत्तर सुचवलं. गाठीतल्या वाहिन्या वाकड्यातिकड्या आणि गळक्या असतात. रसद तोडणाऱ्या औषधाने त्या काही काळ सुधारतात आणि केमो आत नीट पोचते. कल्पना पटण्यासारखी आहे, पण माणसांत दर वेळी असंच घडतं, असं म्हणता येत नाही.

फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये या जोडीची गरज होती, कारण नुसती केमो तिच्या मर्यादेला टेकली होती. 2002 मध्ये प्लॅटिनमवर आधारलेल्या चार केमो-जोड्यांची तुलना झाली आणि चारही सारख्याच ठरल्या. रुग्ण जेमतेम आठ महिने जगत होते.

पहिल्या छोट्या चाचणीत मात्र धोका दिसला. काही रुग्णांना फुप्फुसात जोरदार रक्तस्राव झाला, त्यातले चौघे दगावले. स्क्वॅमस प्रकारच्या (म्हणजे चपट्या पेशींपासून झालेल्या) आणि छातीच्या मध्यभागी, मोठ्या वाहिन्यांना लागून असलेल्या गाठींत हे जास्त घडत होतं. त्यामुळे मोठ्या चाचणीतून स्क्वॅमस रुग्ण वगळले. खोकल्यातून अर्धा चमचा तरी लाल रक्त पडलेल्यांनाही घेतलं नाही.

ती चाचणी 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. 878 रुग्ण, सगळ्यांना पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन ही केमो, अर्ध्यांना जोडीला बेव्हॅसिझुमॅब. जगण्याचा मध्यक काळ (निम्मे रुग्ण ज्यापेक्षा जास्त जगले तो) 10.3 वरून 12.3 महिन्यांवर गेला. दोन महिने ऐकायला थोडे वाटतात, पण या आजारात केमोने वर्षाचा उंबरठा ओलांडल्याचं इथे दिसलं. मान्यता त्याच वर्षी मिळाली. सिसप्लॅटिन आणि जेमसिटाबिनबरोबरच्या पुढच्या चाचणीत आजार थोडा उशिरा वाढला, आयुष्य मात्र वाढलं नाही.

रसद तोडणारी गोळीच्या रूपातली औषधं पहिल्या केमोला जोडून बहुतेक फसली. पहिल्या केमोनंतरही आजार वाढला की द्यायच्या दुसऱ्या फळीत, डोसेटॅक्सेल या केमोबरोबर, निंटेडॅनिब आणि रॅम्युसिरुमॅब या रसद तोडणाऱ्या औषधांनी 2014 मध्ये थोडी जागा मिळवली. यातलं रॅम्युसिरुमॅब स्क्वॅमस रुग्णांनाही देता आलं. 2018 मध्ये बेव्हॅसिझुमॅब आणि केमोच्या जोडीला अटेझोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं) औषध घालून मध्यक काळ 19.2 महिन्यांपर्यंत गेला. त्याविना तो 14.7 होता. रसद तोडण्याचा नेमका फायदा कुणाला होईल, हे आधी सांगणारी भरवशाची तपासणी मात्र अजून हाती आलेली नाही.