ओके

ओके : संमती, मान्यता किंवा समाधानकारक स्थिती दर्शविणारा, मूळचा अमेरिकन इंग्रजीतील शब्द. विशेषण, क्रियाविशेषण, नाम, क्रियापद आणि उद्गार अशा सर्व रूपांत तो वापरला जातो.

व्युत्पत्ती : या शब्दाच्या उगमाविषयी जितकी मते मांडली गेली तितकी क्वचितच एखाद्या दोन अक्षरी शब्दाविषयी मांडली गेली असतील. अँड्र्यू जॅक्सन या अमेरिकन राष्ट्राध्यक्षांना शुद्धलेखन येत नसल्याने ते कागदपत्रांवर ‘ऑल करेक्ट’ (सर्व बरोबर) या अर्थी ‘ओ. के.’ असा शेरा मारीत, ही कथा बराच काळ प्रचलित होती. ती मुळात विरोधी पक्षाच्या वृत्तपत्रांनी उठविलेली टवाळी होती. चोक्टाव या मूळ अमेरिकन भाषेतील ‘असेच आहे’ अशा अर्थाच्या शब्दाकडेही उगम नेला जातो. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन या मताला अनुकूल होते व शब्दाचे लेखनही त्याला धरून करीत. पश्चिम आफ्रिकेतील वोलोफ भाषेतील होकारार्थी प्रयोगाशी संबंध जोडणारे मतही आहे. गुलामांच्या बोलण्याची छापील नोंद राहण्याचा संभव कमी असल्याने ते पूर्णतः खोडून काढता येत नाही, तथापि त्याला लेखी आधारही नाही.

अमेरिकन भाषाभ्यासक ॲलन वॉकर रीड यांनी १९६३-६४ मध्ये ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकातील लेखांतून केलेली मांडणी आज सर्वाधिक ग्राह्य मानली जाते. १८३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बॉस्टनच्या वृत्तपत्रांत शब्द मुद्दाम चुकीचे लिहून त्यांची आद्याक्षरे वापरण्याची टूम निघाली होती. ‘ऑल राइट’चे ‘ओ. डब्ल्यू.’, ‘नो गो’चे ‘के. जी.’, तसे ‘ऑल करेक्ट’चे ‘ओ. के.’, बरोबर लिहिले असते तर अक्षरे ‘ए. सी.’ झाली असती. सर्व ठीक असल्याचे सांगणारा शब्दच चुकीचा लिहायचा, हीच त्यातली गंमत. २३ मार्च १८३९ च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’ मधील उल्लेख ही रीड यांनी दिलेली सर्वांत जुनी नोंद होय. बाकीची आद्याक्षरे लवकरच विस्मृतीत गेली. हे एकच टिकले, त्याचे श्रेय बहुधा १८४० च्या अमेरिकन राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला द्यावे लागेल. उमेदवार मार्टिन व्हॅन ब्यूरेन न्यूयॉर्क राज्यातील किंडरहूकचे असल्याने ‘ओल्ड किंडरहूक’ म्हणून ओळखले जात आणि त्यांच्या समर्थकांचे ‘ओ. के. क्लब’ निघाले होते. निवडणूक ते हरले. पुढे तारयंत्रचालकांनी संदेश पोचल्याची खूण म्हणून हीच अक्षरे वापरली.

मराठीतील वापर : ‘बरं’, ‘ठीक’, ‘चालेल’ हे शब्द हाताशी असूनही ‘ओके’ मराठीत सर्रास रूढ आहे. फाईल ‘ओके’ होते, चित्रीकरणात टेक ‘ओके’ होतो; प्रकृती विचारल्यावर नुसते ‘ओके’ म्हटले, तर मात्र फार काही बरे नसल्याचे ऐकणाऱ्याने ओळखावे. बोलताना ‘के’ मधला ‘क’ अनेकदा दुहेरी होऊन ‘ओक्के’ ऐकू येते. जून २०२२ मध्ये सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचे गुवाहाटीहून झालेले दूरध्वनी संभाषण गाजले, ते झाडी, डोंगार आणि हाटील यांच्या वर्णनाइतकेच त्यातील ‘ओकेमधी’ या रूपामुळे. येथे परक्या विशेषणाला नाम समजून मराठी शब्दयोगी अव्यय लावले आहे, हे व्याकरणदृष्ट्या लक्षणीय आहे.

मालमोटारींच्या मागील फळीवर ‘हॉर्न’ आणि ‘प्लीज’ यांच्या मधोमध, पुष्कळदा मोठ्या अक्षरांत, ‘ओके’ रंगविलेले असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रॉकेलवर (‘ऑन केरोसीन’) चालणाऱ्या मालमोटारींनी मागील गाड्यांना दिलेला इशारा किंवा टाटांच्या ‘ओके’ साबणाची जाहिरात, असे त्याचे दोन खुलासे सांगितले जातात. दोन्ही ऐकीव स्वरूपाचे आहेत. विनाकारण भोंगा वाजविण्यास उत्तेजन मिळते म्हणून महाराष्ट्रात २०१५ मध्ये या वाक्यावर बंदी घालण्यात आली.

खूण : अंगठा व तर्जनी जुळवून केलेले वर्तुळ हीही ‘ओके’ची खूण होय. ब्राझीलमध्ये ती अश्लील समजली जाते, तर जपानमध्ये तिचा अर्थ पैसा असाही होतो. पाण्याखाली बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांना मात्र तीच खूण वापरावी लागते, कारण नुसता अंगठा वर केला तर ‘वर चला’ असा त्याचा अर्थ होतो.