विंडोलांडाची दगडी जोती बघायच्या आधी

विंडोलांडाला जाणार असाल तर मागचा इतिहास थोडा वाचूनच जा, नाहीतर तिथे नुसती गुडघ्याएवढी दगडी जोती दिसतात आणि खरी गंमत पायाखालीच राहते.

इंग्लंडच्या उत्तरेला नॉर्थम्बरलंडमधला हा रोमन किल्ला. बऱ्याच जणांना वाटतं की हा हेड्रियनच्या भिंतीसाठी (रोमन सम्राट हेड्रियनने ब्रिटनमधल्या सरहद्दीवर बांधवलेली लांबलचक भिंत) बांधला, पण भिंतीचं काम सुरू झालं इ.स. 122 मध्ये आणि इथे पहिली लाकडी छावणी पडली 85 च्या सुमारास. झालं असं की रोमन सैन्य स्कॉटलंडमध्ये बरंच आत गेलेलं, पण तिकडे युरोपात डॅन्यूब नदीच्या बाजूला माणसं कमी पडायला लागली म्हणून इथून सैन्य काढलं, उरलेले मागे सरकले, आणि स्टेनगेट नावाच्या रस्त्यालगत किल्ल्यांची रांग उभी राहिली. म्हणजे भिंत नंतरची, सरहद्द आधीची.

प्रत्येक नवी तुकडी आली की जुना किल्ला पाडायची, वर माती आणि गवताची ढेकळं टाकून सपाट करायची आणि त्यावर नवा बांधायची. असे एकावर एक नऊ किल्ले! खालच्या ओल्या थरांना हवाच लागली नाही, त्यामुळे लाकूड, चामडं, हजारो चपला-बूट सगळं टिकलं. 1973 साली पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली चर खणत असताना लाकडाचे पातळ तुकडे मिळाले, आधी वाटलं रंधा मारलेल्या ढलप्या असतील, पण दोन चिकटलेल्या ढलप्या सोडवल्या तर आत शाईने लिहिलेलं! हवा लागल्यावर ती शाई दिसेनाशी झाली, मग इन्फ्रारेड फोटो काढून अक्षरं वाचली.

त्यात काय काय आहे बघा. एका हजेरीपटात टुंग्रियन तुकडीचे 752 जण, पैकी 456 बाहेरगावी, आणि जे हजर त्यातल्या 10 जणांचे डोळे आलेले. हे सैनिक इटलीचे नव्हते बरं का, टुंग्रियन आजच्या बेल्जियमकडचे, बटाव्हियन नेदरलंड्सकडचे. क्लॉडिया सेव्हेरा नावाची बाई, दुसऱ्या एका किल्ल्याच्या अधिकाऱ्याची बायको, तिने इथल्या किल्लेदाराच्या बायकोला, सुल्पिसिया लेपिडिनाला, स्वतःच्या 11 सप्टेंबरच्या वाढदिवसाला बोलावलंय. मजकूर लेखनिकाने लिहिलाय पण शेवटच्या ओळी तिच्या स्वतःच्या, आणि बाईच्या हातच्या लॅटिन अक्षराच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांत त्या मोजतात. मला हे पत्र मोठमोठ्या लढायांपेक्षा जास्त जवळचं वाटतं. आणि एका हिशोबात गाम्बाक्स नावाच्या माणसाच्या नावावर 2 दिनारांची मिरी लिहिलीय. काळी मिरी तेव्हा आपल्या मलबार किनाऱ्यावरून जायची, म्हणजे ती समुद्र ओलांडून इजिप्तमार्गे त्या थंड पावसाळी टोकापर्यंत पोचली.

आज वर दिसतो तो दगडी किल्ला बहुतेक तिसऱ्या शतकातला. पत्रं बरीचशी लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत पण काही तिथल्या म्युझियममध्येही ठेवलीत, ती आधी बघा आणि मग बाहेर जोत्यांकडे या.